मोकलकाकांची बॅच

पावाच्या मशीनचं झाकण उघडायच्या आधी मोकलकाका डोळ्यांना सेफ्टी गॉगल लावतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काकांचे डोळे आले असतील. मी वाटीभर साखर मागायला गेले होते. ओट्यापाशी काका उभे. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आणि डोळ्यांवर तो गॉगल. मला बघताच त्यांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला.

"मॅडम, तिथंच थांबा. वेसल ओपन होतंय."

मी दारातच थांबले. काकांनी तोंड एका बाजूला फिरवलं, लांब हातानं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली आणि मग आत डोकावून म्हणाले, "क्लिअर. या आता."

आत एक तांबूस, जरासा कललेला पाव शांतपणे बसला होता. त्याच्यापासून कुणाला धोका असेल असं काही वाटत नव्हतं.

मागे स्टुलावर शालनकाकू बसली होती. ती म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली की बाहेर पळणारा माणूस हा. आता बघ गो, कसा उभा हाय."

काका आणि काकू आमच्या शेजारचे. रोह्यात आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, एक त्यांचं आणि एक आमचं. मी पेणच्या एका शाळेत शिकवते, म्हणून काकांच्या लेखी मी 'मॅडम' आणि काकूच्या लेखी 'वर्षा गो'. काका मूळचे कासूच्या बाजूचे. वडील मिठागरावर कामाला होते. काका मात्र तरुणपणीच धाटावच्या एका केमिकल कंपनीत चिकटले ते ऑपरेटर म्हणून रिटायर होईपर्यंत तिथंच. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. कंपनीनं त्यांना सोडलं, पण कंपनीची भाषा काही त्यांना सोडेना. दूध उतू गेलं की "ओव्हरफ्लो झाला", पाहुणे आले की "लोड वाढला", आणि काकू रागावली की ते गॅलरीत येऊन मला हळूच सांगणार, "मॅडम, प्रेशर हाय. थोडं थांबून या."

मग एक दिवस हे मशीन आलं. काकांनी ते ऑनलाइन मागवलं होतं. पांढरं, चौकोनी, वर काचेची छोटी खिडकी. पाणी, तेल, मीठ, गूळ, पीठ आणि सगळ्यात वर यीस्ट घालायचं, बटण दाबायचं, की ते स्वतःच मळतं, फुगवतं आणि भाजतं. काकांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'रिअॅक्टर' म्हटलं आणि त्यातून येणाऱ्या प्रत्येक पावाला 'बॅच'.

"पण काका, एकदम पाव कसा काय?" मी विचारलं होतं.

"डॉक्टरांनी तांदूळ बंद केला. साखर वाढलीय. गहू खायचा, तोही अख्खा."

आता आमच्याकडच्या माणसाला तांदूळ बंद म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी भाकरी तांदळाची, दुपारी भात, रात्री पुन्हा भाकरी. सणाला घावन, पाहुण्याला वडे. त्यातला तांदूळ काढला तर ताटात नुसतं कालवण उरतं. मला काकांची खरोखर दया आली. काका मात्र एखाद्या नव्या प्लांटवर बदली झाल्यासारखे खुशीत होते.

पहिली बॅच म्हणजे वीट होती. मी अतिशयोक्ती करत नाही. आमच्या जिन्याचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला ती लावून ठेवली आणि दार आपटायचं बंद झालं. दुसरी बॅच वरून फुगून टोपीसारखी झाली आणि मधेच बसली. "यीस्ट जास्त पडलं. रनअवे रिअॅक्शन," काकांनी निदान केलं. तिसऱ्या खेपेला पीठ इतकं घट्ट झालं की मळता मळता मशीनच ओट्यावरून चालायला लागलं. आम्ही तिघं बघत होतो. ते थरथरत, घुं घुं करत, गॅसच्या शेगडीला वळसा घालून सिंकच्या दिशेनं निघालं.

"अवो, धरा त्याला!" काकू ओरडली.

"धरू नका!" काका त्याहून मोठ्यानं ओरडले. "रनिंगमध्ये हात लावायचा नाय!" आणि ते मेन स्विचकडे धावले. त्यांनी घाईत पूर्ण घराचा स्विच बंद केला. काकूची मालिका शेवटच्या वळणावर आली होती. त्या दिवशी प्रेशर बराच वेळ हाय होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कुठूनसा ट्रकच्या टायरचा रबरी तुकडा आणला, मशीनच्या मापाचा कापला आणि खाली घातला. "फाउंडेशन नसलं की व्हायब्रेशन येणारच," म्हणाले. त्यानंतर मशीन जागचं हललं नाही.

पिठाचं प्रकरण वेगळंच. आमच्या नाक्यावरच्या चक्कीवाल्याला काकांनी इतकं छळलं की काका कोपऱ्यावर दिसले की तो चक्की बंद करून आत जायचा. काकांना पीठ मैद्यासारखं बारीक हवं होतं, पण मैदा नको होता. कोंडा हवा होता, पण दिसायला नको होता. चक्कीवाला एकदा हात जोडून म्हणाला, "काका, मी गहू दळतो. तुम्ही सांगताय ते देव करतो."

काकांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "घाई केली, बॅच गेली." पीठ फुगत असताना कुणी झाकण उघडलं तर ते माणूस बघत नाहीत. काकूचा भाऊ पेणहून आला होता, चांगला वयस्कर, मानाचा पाहुणा. त्यानं कुतूहलानं झाकण वर केलं. काकांनी त्याला सोफ्यावर बसवून गरम हवा, थंड हवा आणि यीस्ट यांवर इतकं समजावलं की त्यानं जाताना माझ्या नवऱ्याला जिन्यात विचारलं, "दाजींना रिटायरमेंट मानवली नाय काय?"

पण हळूहळू पाव जमायला लागला. काकांनी पाणी वाढवलं, पिठाला आधी जरा भिजत ठेवायला लागले, पावसाळी हवेत पाणी पुन्हा कमी केलं. कडेनं कुरकुरीत, आतून मऊ, गुळाचा जरासा वास असलेला पाव व्हायला लागला. मळायचं पातं खाली रुतून बसतं, त्यामुळे पावाच्या बुडाला एक भोक पडतं. काकू त्याला 'बेंबी' म्हणते. बेंबीचा तुकडा काका कुणाला देत नाहीत, तो काकूचा. बाकीचं सँपल म्हणून आमच्या घरी यायचं. मी चहाबरोबर खायचे, नवरा अंड्याबरोबर. काका स्वतः तो पाव बोंबलाच्या कालवणात बुडवून खायचे, मान खाली घालून, एका लयीत, ओव्हरटाइम भरल्यासारखे.

एकदा ऐन भट्टीच्या वेळेला वीज गेली.

रविवार होता, दुपारची वेळ. पीठ मळून झालेलं, फुगायला लागलेलं, आणि पंखा थांबला. काकांनी वीज ऑफिसात फोन करून विचारलं. संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले.  लगेच आमचं दार वाजलं.

"मॅडम, स्कूटर काढा. इमर्जन्सी हाय."

"कुठं जायचं?"

"धाटावला. गावंडकडं लाइट हाय, विचारलंय मी."

गावंड म्हणजे काकांचे कंपनीतले जुने सोबती, तेही रिटायर. मी स्कूटर काढली. काका मागे बसले. मांडीवर अख्खं मशीन, काकूच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं, वर त्यांचे दोन्ही हात. नव्या बाळंतिणीनं बाळ धरावं तसं. प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज यायचा, "हळू! हळू! गॅस सुटेल त्याचा!"

धाटावला पोचलो तर नेमकी शिफ्ट सुटलेली. बसेस, मोटारसायकली, डबे लटकवलेली माणसं. गर्दीत मला स्कूटर पायानं ढकलत न्यावी लागली. निम्मी माणसं काकांना ओळखणारी.

"मोकलदादा! काय हाय शालीत? नातू झाला काय?"

"इन-प्रोसेस मटेरियल!" काका ओरडले. "बाजू द्या!"

आणि खरं सांगते, त्या माणसांनी बाजू दिली. कुणी हसलं नाही. मटेरियल प्रोसेसमध्ये असलं की बाजू द्यायची, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं होतं. हसले ते नंतर, गावंडांच्या अंगणात, जेव्हा पाव भाजल्याचा वास गल्लीभर पसरला आणि एकेक जण 'सहज' डोकवायला लागला. तो पाव काकांच्या आयुष्यातला सर्वांत उंच पाव झाला. प्रवासात जास्त वेळ फुगायला मिळाला होता. गावंडवहिनींनी चहा टाकला, काकांनी सुरीनं पावाचे काप केले, आणि शिफ्ट करून आलेली दमलेली माणसं उभ्या उभ्या गरम पाव खात "दादा, भारी हाय" म्हणत राहिली. काका तेव्हा जे फुलले होते, ते बघून मला वाटलं, ह्या माणसाचा जीव खरोखरच पावात आहे.

घरी येताना त्या पावातला फक्त बेंबीचा तुकडा उरला होता. तो त्यांनी रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवला होता.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. आठवड्यातून एकदा काका गाडीनं पेणला जायचे, यीस्ट आणायला. यीस्ट रोह्यातही मिळतं. मी त्यांना दुकान दाखवलं होतं. "तिथला माल डेड असतो," काका म्हणाले. "पेणचा अॅक्टिव्ह." काकू ह्यावर काही बोलायची नाही. पिशवी आणि छत्री हातात द्यायची, एवढंच.

मागच्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडे, पेणच्या अलीकडे कासूला, बारसं होतं. पाळणा झाला, घुगऱ्या झाल्या, जेवण झालं आणि मी स्टेशनकडे चालत निघाले. वाटेत एका कौलारू घराच्या पडवीत एक माणूस पाटावर मांडी घालून जेवत होता. पाठमोरा. समोर एक म्हातारी बाई गरम भाकरी घेऊन उभी. त्या माणसानं भाकरीचा पापुद्रा उचलला, आतली वाफ नाकाशी घेतली आणि डोळे मिटून असा काही सुस्कारा टाकला की मी रस्त्यावर थबकले. तो सुस्कारा मी ओळखत नव्हते, पण शर्ट ओळखला.

"काका?"

मोकलकाका वळले. हातात भाकरी, ताटात जवळ्याची चटणी, बाजूला भाताचा ढीग. परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलाचा चेहरा मी रोज बघते. अगदी तोच.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "तुम्ही मला बघितलं नाय."

"कोण गो ही?" म्हातारीनं विचारलं.

"शेजारच्या मॅडम हायत, आक्का."

ती काकांची थोरली बहीण. "ये गो बाय, बस. जेवतेस?" मी जेवून आले म्हटल्यावर तिनं मला पाणी दिलं. मी काकांकडे बघून म्हटलं, "काका, तुमची साखर!"

काका उठले आणि हात धुवायला मागच्या दारी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आक्का माझ्याजवळ बसली.

"कसली साखर नि कसलं काय! रेडा हाय रेडा. काय नाय झालं त्याला."

"मग तांदूळ का सोडलाय?"

"शालनचे हात गेलेत गो," आक्का म्हणाली. "बोटं वळत नाय तिची. अंगठ्यात जोर नाय. तुला नाय दिसलं? लपवते ती. एक दिवस भाकरी थापताना हातातनं निसटली, खाली पडली. तिनं दुसरी घेतली, ती फाटली. तिसरी पण फाटली. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली नि पदर लावला डोळ्याला. हा दारात उभा होता. तिनं बघितलं नाय त्याला. हा तसाच मागं फिरला नि माझ्याकडं आला. ह्या पडवीत बसून रडला गो माझा भाऊस."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी बोलले, विकतची आण भाकरी, करणाऱ्या बायका हायत. तर बोलतो, तिच्या घरात दुसरीच्या हातची भाकरी आणली तर ती खचेल. आनी खरं हाय ते. लगीन होऊन आली तवापासनं तिच्या भाकरीला गावात नाव. हा कवा पण कामावरनं येवो, पहाटे येवो, तिनं तव्यावरची गरम वाढली. मग ह्यानं डोकं लढवलं. डॉक्टरचं नाव सांगितलं, नि चपाती पण तिला लाटायला लागू नये म्हणून पावाचं मशीन आणलं. म्हंजे कसं, भाकरी तिला जमत नाय म्हणून बंद नाय झाली. ह्याला चालत नाय म्हणून बंद झाली."

परतीच्या गाडीत काका माझ्या समोर बसले.  नागोठणं गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला पाव आवडत नाय, मॅडम."

"काय?"

"कधीच आवडला नाय. कंपनीच्या कॅन्टीनला वडापाव असायचा, तेव्हा वडा मी खायचो नि पाव गावंडला द्यायचो. इतक्या वर्षांत गावंडनं माझे किती पाव खाल्ले असतील, त्याचा त्यालाच ठाव."

मला हसू आवरेना. काकाही हसायला लागले.

"मग इतकं मन लावून कशाला करता?"

"मन लावल्याशिवाय तिला खरं वाटलं असतं? ती माझी बायको हाय." मग पुढे झुकून म्हणाले, "आनी एक सांगू? करायला मजा येते. लय मजा येते. फक्त खायची शिक्षा हाय. हे तिला कळता कामा नाय. तुम्हाला शपथ हाय माझी."

मी शपथ घेतली.

चार-पाच दिवसांनी काकूनं मला हाक मारली. काका चक्कीवर गेले होते. काकूनं ओट्याखालून एक स्टीलचा डबा पायानंच पुढे सरकवला.

"हा उचल गो. तुझी मैत्रीण कासूला राहते ना, तिच्या वाटेवर आमच्या वन्सं राहतात. त्यांना दे. तांदळाचं पीठ हाय, नव्या तांदळाचं. वन्सं जाड दळून आणतात. ह्यांना बारीक लागतं."

मी डबा उचलला आणि तसाच हातात धरून विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे?"

"आता काय सांगू तुला. जन्मभर ह्या माणसाचे डबे भरले मी. यीस्ट आणायला गेलेला माणूस घरी येतो तर शर्टाला तव्याचा वास. नि तोंड बघावं तर असं, जत्रेतनं आल्यासारखं. यीस्टनं होतं काय तसं?"

"मग बोलला का नाहीत?"

काकूनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. बोटं जराशी वाकलेली, अंगठ्यांची मुळं सुजलेली. मी इतक्या दिवसांत ते हात नीट बघितले नव्हते.

"काय बोलू? हात माझे दुखतात नि उपास हा करतो. माझ्यासाठी एवढं नाटक दुसरं कोण करील गो? चालू दे त्यांचं. त्यांना वाटतंय मला कळत नाय, ते वाटू दे." मग ती एकदम लाजली. "आनी मला पाव आवडतो. खरंच आवडतो. मऊ असतो नि थापावा लागत नाय. पण हे त्यांना सांगू नको, नायतर सकाळ-संध्याकाळ बॅच लावतील."

मी इतकी हसले की काकूही हसायला लागली.

"नि वन्संना सांग, पातळ थापायची. पाण्याचा हात वरून एकदाच फिरवायचा. कडेला जरा करपली तर चालते, ह्यांना तशी आवडते. आनी घाई करू नका म्हणावं, एकेक वाढायची. चौथी झाल्यावर हे नको म्हणतात, तेव्हा पाचवी टाकायची."

तेवढ्यात दार उघडलं. काका आत आले. डोक्यापासून मिशांपर्यंत पिठानं पांढरे, खांद्यावर गव्हाच्या पिठाची पिशवी. चक्कीवाल्यानं आज सूड घेतला असावा. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडे गेलं.

"कसलं पीठ?"

मी घाबरले. काकू मात्र जागची हलली नाही.

"तांदळाचं. वर्षाच्या मामेसासऱ्यांना धाडतेय."

मला मामेसासरे नाहीत. मी मान डोलावली.

काका डब्याकडे बघत राहिले. मग पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाले, "भाकरी आवडते वाटतं त्यांना?"

"जीव हाय भाकरीवर," काकू म्हणाली. "पण घरात बोलत नाय."

 काका म्हणाले, "असतात अशी माणसं," आणि मशीनचं भांडं घेऊन सिंककडे वळले. नळ सोडला. पाणी वाहत होतं, पण भांडं बराच वेळ धारेखाली गेलंच नाही.